होळी ते पाडवा: घराची, अंगाची आणि डोक्याची सर्व्हिसिंग

बार्शीत परांडा रोडला माझं ट्रक-ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. 31 वर्षं चालवलं आणि 2019 च्या दिवाळीनंतर शटर ओढलं. पुढचे दोन-तीन महिने घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. सौ.चे गुडघे तोवर तिला साथ देईनासे झाले होते, म्हणून मार्चमधली मोठी आवराआवर मी अंगावर घेतली. म्हटलं, इंजिनं खोलली, गिअरबॉक्स खोलले, घर म्हणजे काय मोठंसं.

पहिल्या वर्षी सकाळी सातला स्वयंपाकघरातली मांडणी उतरवली. डबे सगळे अंगणात. मग वाटलं, सामान बाहेर आहेच तर कपाटंही काढू. मग माळा. दुपारी एकला घरात पाय ठेवायला जागा नव्हती, मीठ कुठल्या डब्यात आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि माझी कंबर धरली होती. सौ. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली. शांतपणे म्हणाली, "अहो, गॅरेजात एका दिवशी चार इंजिनं खोलत होता का?"

दोन दिवस आम्ही कोपऱ्यावरच्या इडल्या आणि शेजारच्या वहिनींच्या भाकरीवर काढले.

तिचं बरोबर होतं. गॅरेजात नवा पोरगा आला की मी त्याला पहिली गोष्ट हीच सांगायचो. एका वेळी एकच खोल. निघालेला नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने पोत्यावर मांड. आणि आज खोललंस ते आजच बसव, कारण रात्रभर उघड्या राहिलेल्या इंजिनात धूळ जाते आणि सकाळी एक वायसर कमी भरतो. हे मी शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगितलं आणि घरात आल्यावर पहिल्याच दिवशी विसरलो. पुढच्या वर्षापासून मात्र याच नियमाने चालतो. घराला चालतो तसा अंगालाही चालतो, आणि डोक्याला तर जास्तच.

होळी ते पाडवाच का

फाल्गुन पौर्णिमा ते चैत्र शुद्ध प्रतिपदा हा पंधरवडा आयता मिळतो. रोज दोन-अडीच तास, तेही सकाळी, एवढं पुरतं. दिवाळीची सफाई वेगळी. पावसाने धरलेली ओल आणि बुरशी काढायची, भिंतींना रंग लावायचा, हा तिचा हेतू. मार्चमधल्या सफाईची कारणं दुसरी आहेत. एक तर ऊन. आमच्याकडे मार्चचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी. गादी सकाळी टाकली की संध्याकाळी खडखडीत. दुसरं, पाणी. पुढे उन्हाळा चढला की पाण्याची ओढ सुरू होते, तेव्हा धुण्याची कामं त्याआधी उरकलेली बरी. आणि तिसरं म्हणजे साठवण. रब्बीची नवी ज्वारी याच दिवसांत बाजारात येते, तूरडाळ भरायची असते, काळं तिखट करायचं असतं. भरायचं तर आधी रिकामं नको का?

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. बार्शीच्या वैशाखाला वसंत म्हणणाऱ्याने एकदा दुपारी दोनला एसटी स्टँडवर उभं राहून दाखवावं. आमचा वसंत होळीला येतो आणि पाडव्याला निघायच्या तयारीत असतो.

आधी भंगार

सुरुवात झाडूने करू नका, पोत्याने करा. सामान कमी झाल्याशिवाय झाडायला घेतलं तर तीच धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते.

मी दोन पोती घेऊन बसतो. एकात भंगार, दुसऱ्यात कुणाला तरी द्यायचं. तिसरं पोतं सौ.ने वाढवलं, त्याला ती 'बघू'चं पोतं म्हणते. ज्याचं काय करायचं ते ठरत नाही ते त्यात टाकायचं, तोंड सुतळीने बांधायचं, वर खडूने साल लिहायचं. पुढच्या होळीपर्यंत ते सोडावं लागलं नाही तर न उघडता बाहेर. उघडलं की संपलं, पुन्हा प्रत्येक वस्तूची आठवण निघते.

'लागेल कधीतरी' हा आम्हा मेकॅनिक लोकांचा जुनाट रोग आहे. गॅरेज बंद करताना मी नट-बोल्ट, बुश, जुन्या बेअरिंगा, स्प्रिंगा असं सगळं घरी आणून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एकदाचं मन घट्ट केलं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं. 64 किलो भरलं. महिन्याभरातच त्यातला एक बोल्ट लागला. दुकानातून आणला, 12 रुपयांना. म्हणजे 12 रुपयांच्या बोल्टसाठी मी 64 किलो लोखंड सांभाळत होतो, आणि वर त्याच्यामुळे सौ.ला कपाटाचं दार पुरतं उघडता येत नव्हतं.

जुन्या साड्या बोहारणीला. तो व्यवहार मी करत नाही; दोन साड्यांवर सौ. जे भांडं काढून घेते ते मला चारमध्येही मिळणार नाही. रद्दी पेपरवाल्याला. जुन्या बॅटऱ्या आणि फुटके सीएफएल दिवे मात्र घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात मिसळू नका, वेगळे बांधून द्या. सीएफएलमध्ये पारा असतो. घरात फुटलाच तर खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, आणि झाडू न मारता पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा.

आणि यातलं काही होळीत टाकू नका. गॅरेज होतं तेव्हा आठवडाभर आधीपासून पोरं जुने टायर मागायला यायची. सुरुवातीला मीही देत होतो. एका वर्षी वारा आमच्या घराकडे होता, रात्रभर घरात काळा धूर आणि सकाळी वाळत घातलेल्या धोतरावर काजळीचे ठिपके. त्यानंतर टायर बंद. गोवऱ्या आणि वाळका पालापाचोळा पुरे.

धूळ आणि शिडी

गॅरेजात ब्रेकचे ड्रम उघडले की आत काळी भुकटी असायची. आम्ही ती हवेच्या पाइपने फुर्रकन उडवायचो, तोंडाला फडकं नाही, काही नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून धूळ उडवायची नाही, बसवायची, हे मी पक्कं केलंय. घरातही तसंच. कोरडा झाडू मारण्याआधी ओल्या फडक्याने वरचं पुसून घ्या. जळमटं काढताना नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क. दमा असलेल्या माणसाने त्या वेळी देवळात जाऊन बसावं.

पंख्यासाठी उशीचा जुना अभ्रा घ्या, पात्यावर चढवा आणि आतून दाबत बाहेर ओढा. धूळ अभ्र्यातच राहते. हे मला सुनेने फोनवर दाखवलं. मी आधी हसलो, मग केलं. पंखा पुसूनही हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. छताच्या पंख्याला साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा लागतो, स्वस्त असतो, वायरमन पाच मिनिटांत बदलतो. नवीन पंखा आणायची घाई करू नका. आणि हे सगळं मेन स्विच पाडून.

साठीनंतर माळ्यावर आपण चढायचं नाही. खुर्चीवर स्टूल तर कुणीच ठेवायचं नाही. मी 67 वर्षांचा आहे. रोजगाराने एक पोरगा लावतो, तो वर, मी खाली, आणि मी फक्त 'हे दे, ते दे' करतो. एका दिवसाच्या मजुरीत मांडीचं हाड वाचतं.

अंथरूण

कापसाच्या गाद्या सलग तीन दिवस उन्हात, रोज पालटून. ज्यांच्या गाद्यांत गठुळ्या झाल्यात त्यांनी पिंजारी शोधावा. हल्ली मशीनवर पिंजून देतात. गोधड्या मी अंगणातच धुतो, पायांनी तुडवून. यंत्रात घातल्या की टाके उसवतात.

थंडीचे कपडे ठेवण्याआधी धुवा आणि पुरते वाळवा. कसर लागते ती घामाच्या आणि तेलाच्या डागांवर. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला जुन्या सुती कापडात बांधून घड्यांमध्ये ठेवतो. डांबरगोळ्या आम्ही बंद केल्या. धाकटी नात झाली तेव्हा डॉक्टरांनी सुनेला मुद्दाम सांगितलं होतं, डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एंझाइम कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या वासाने फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळाला ते आहे की नाही, हे पहिल्या आठवड्यात कुणाला माहीत असतं? आमच्या आजीच्या पेटीतल्या दुपट्यांना लिंबाचाच वास असायचा.

पाणी आणि कूलर

हे काम टाळू नका. गच्चीवरची 1000 लिटरची टाकी आम्ही पाणी तळाशी आलं की करायला घेतो. उरलेलं पाणी झाडांना. मग काथ्याने आतून भिंती घासायच्या, गाळ उपसायचा, दोनदा धुऊन काढायचं. टाकी भरल्यावर ब्लीचिंग पावडर. चांगल्या, ताज्या पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. म्हणजे चिमूटभर, लोक वाटीभर टाकतात. बादलीत थोड्या पाण्यात कालवून घ्या, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. तासभर थांबा, मग वापरा.

कूलर बाहेर काढल्यावर नुसता विसळून लावू नका. डेंगीचा डास पाण्यात तरंगती अंडी घालत नाही, तो पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणजे मागच्या पावसाळ्यातली अंडी यंदाच्या मार्चमध्ये तुमच्याच कूलरमध्ये तयार बसलेली असू शकतात. टाकीच्या कडा घासणीने खरवडून काढा. पुढेही आठवड्यातून एकदा कूलर रिकामा आणि कोरडा. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

संडास-न्हाणीत एक गोष्ट कधीच करू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र. दोन्हींनी जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. आज एक वापरलं तर भरपूर पाणी ओता, दुसरं दुसऱ्या दिवशी. बॅटरीचं अ‍ॅसिड हाताळण्यात माझं आयुष्य गेलंय, या बाबतीत माझं ऐकाच.

स्वयंपाकघर

इथे सौ.ची खुर्ची आत येते आणि मी पोऱ्या होतो.

होळीच्या आधीच ती किराणा आणणं थांबवते. पंधरा दिवस घरात आहे तेच शिजतं. बाटलीच्या तळाशी राहिलेली मटकी, अर्धा डबा हुलगे, कधीतरी हौसेने आणलेलं राजगिऱ्याचं पीठ. त्या पंधरा दिवसांत आम्ही फार विचित्र जेवतो. एका रात्री हुलग्याचं माडगं, शेवयांचा उपमा आणि गुळांबा असं ताट होतं. पण डबे आपोआप रिकामे होतात. ज्याला खवट वास आला ते, शेंगदाणे विशेषतः, हळहळ न करता बाहेर.

मांडणीचा एकच कप्पा एका दिवशी. डबे उतरवायचे, धुवायचे, उन्हात पालथे, संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा. या पद्धतीने स्वयंपाकघराला सहा दिवस लागतात, पण सहाही दिवस चूल चालू राहते.

गॅसची शेगडी धुताना रेग्युलेटर बंद, हे सांगायला नको. त्याच वेळी रबरी नळी बघा. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदला, चिरलेली दिसो न दिसो. सिलिंडरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी तसंच पुढे. तोवर त्याची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलिंडर आला तर दारातूनच परत करा. गाडीचं पासिंग बघायची सवय असलेल्याला हे पटकन दिसतं, बाकीचे बघतच नाहीत.

आता ज्वारी. आम्हा दोघांना वर्षाला दीड क्विंटल मालदांडी पुरते, पाहुणेरावळे धरून. कोठी आधी रिकामी करून आत-बाहेर पुसायची, सांध्यांत जुने दाणे अडकलेले असतात ते सळईने काढायचे. पोरकिडे तिथेच दबा धरून असतात. दोन दिवस ऊन द्यायचं. ज्वारीलाही दोन ऊन्हं. दाणा दाताखाली धरला की कट्‌ आवाज आला पाहिजे; दबला, तर अजून ओल आहे. आणि मी पहिल्या वर्षी केलेली दुसरी चूक म्हणजे दुपारी तापलेली ज्वारी तशीच कोठीत भरली. वरून झाकण घट्ट. रात्री पत्रा गार पडला, आत घाम धरला, आणि आषाढात उघडलं तर वरच्या थराला बुरशीचा वास. ज्वारी रात्रभर पसरून गार होऊ द्यायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत भरायची. मध्ये मध्ये लिंबाच्या वाळक्या पाल्याचे थर. तूरडाळीला आणि गव्हाला हाताला एरंडेल घेऊन चोळायचं, अगदी पुसटसं.

धान्यात ठेवायच्या म्हणून काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुट्या मिळतात. त्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि झोपायच्या खोलीत कोठी असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत.

काळं तिखट पाडव्यानंतर करतो. मिरच्या उन्हात, मसाले भाजणं, मग डंकावर कुटून आणणं. त्याची बरणी पंधरवड्यात रिकामी करून, धुऊन, ऊन दाखवून ठेवली की झालं.

औषधांचा डबा विसरू नका. मुदत संपलेली काढाच. डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यावर साधारण महिन्यानंतर टाकून द्यायचे असतात, छापील मुदत पुढची असली तरी. गोळ्या टाकताना पाकीट कात्रीने कापा, म्हणजे पुन्हा कुणाच्या हाती जाणार नाहीत.

अंग

आमच्या लहानपणी उन्हाळा लागायच्या आधी एका रविवारी आजी सगळ्या नातवंडांना रांगेत बसवून एरंडेल पाजायची. नाक धरून, वर गूळ. दिवसभर परसात ये-जा. त्या आठवणीवर विसंबून मी तीन वर्षांपूर्वी एक शहाणपणा केला. भाच्याने कसलासा 'डिटॉक्स' चहा पाठवला होता. दोन दिवस फक्त तो चहा आणि फळांचा रस, शरीर आतून साफ, असं पाकिटावर लिहिलेलं. चहात सोनामुखी होती, म्हणजे शेवटी आजीचंच औषध, फक्त महाग. मी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि पोटात अन्न नाही. दुसऱ्या दिवशी अकराला हात थरथरायला लागले, बनियन घामाने चिंब. सौ.ने यंत्रावर साखर बघितली, 58. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. तिने तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग भाकरी दिली. डॉक्टरांनी नंतर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

गाडीचं ऑइल बदलायला खाली ड्रेन प्लग असतो. माणसाला तो नसतो. रक्त साफ करायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, ती रात्रंदिवस काम करतात. आपण फक्त त्यांच्यावर जास्तीचा माल टाकायचा नाही. म्हणून अंगाची सर्व्हिसिंग म्हणजे माझ्या लेखी तपासणी. याच पंधरवड्यात एका सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन येतो: तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल. दुसऱ्या दिवशी डोळे, तिसऱ्या दिवशी दात. पुन्हा तेच, एका दिवशी एक. सगळं एका दिवशी ठरवलं की कुठल्या तरी रांगेत कंटाळून माणूस घरी येतो आणि दात पुढच्या वर्षावर जातात. माझे तसे चार वर्षं गेले, दाढ गेली.

खाण्याचं म्हणाल तर जुने लोक काही वेडे नव्हते. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा अध्याय आहे. थंडीत साठलेला कफ वसंतात उन्हाने पातळ होतो, म्हणून या दिवसांत जड, आंबट, गोड, तेलकट कमी, व्यायाम जास्त आणि दुपारची झोप नाही, असा त्याचा सारांश. दुपारची झोप पुढे ग्रीष्मात चालते, असंही त्यातच आहे. मी सौ.ला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे पुरणपोळीनंतर झोपायचं नाही, एवढंच ना? ते मी चाळीस वर्षं सांगतेय." होळीची पोळी एकच खातो, दुधाऐवजी कटाच्या आमटीबरोबर. सकाळी साडेपाचला भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. गॅरेजच्या काळात दिवसभर उभा असायचो, म्हणून मला व्यायामाची गरज नाही असं मी फार वर्षं समजत होतो. उभं राहणं आणि चालणं वेगळं, हे पायांच्या फुगलेल्या शिरांनी सांगितलं.

पाडव्याला लिंबाची चटणी. कोवळी पानं, मिळाली तर फुलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मीठ, चिंच, गूळ. माझ्या ताटात गूळ नखभर. एक चमचा पुरे. औषध म्हणून वाटीभर खाणारे पाहिलेत, दुपारी त्यांची तोंडंही पाहिलीत.

डोकं

हे शेवटी ठेवतो, कारण घर आवरताना निम्मं आपोआप होतं, आणि उरलेलं निम्मं ओढूनताणून होत नाही.

सोपं आधी. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनी फोन भरतो. ज्या ग्रुपवर वर्षभर तुम्ही एक शब्द लिहिला नाही तो गप्प करून ठेवा. सोडलात तर चुलते रागावतात.

मग कागद. एका दुपारी बँकेची पुस्तकं, विमा, घराची कागदपत्रं, सातबारा असं सगळं एका पेटीत. प्रत्येक खात्यावर वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते बघा. माझ्या एका खात्यावर आईचं नाव होतं. आईला जाऊन अकरा वर्षं झालेली. बदलून आलो आणि त्या रात्री खरंच बरी झोप लागली. मरणाचा विचार नको वाटतो, पण तो पेटीत नीट लावून ठेवला की डोक्यात कमी फिरतो.

मग वही. माझ्याकडे गॅरेजची उधारीची वही होती, लाल कापडाची. कुणी क्लचप्लेटचे राहिलेले, कुणी नुसत्या मजुरीचे. दर वर्षी आवरताना ती हाताला लागायची, मी पानं चाळायचो आणि संध्याकाळपर्यंत चिडलेला असायचो. शेवटी तिलाही इंजिनासारखं घेतलं. एका दिवशी एक पान. ज्याला विचारण्यासारखं आहे त्याला फोन. जो वारला, ज्याचं शेत गेलं, ज्याचा ट्रक बँकेने ओढून नेला, त्याच्या नावावर काट. फोन केलेल्यांपैकी तिघांनी पैसे दिले. एकाने शिव्या दिल्या. बाकीच्यांवर काट मारायला मला दोन वर्षं लागली, आणि काही नावांवर ती मारताना पेन जड झालं होतं, हेही कबूल करतो. वही होळीत टाकली नाही. रद्दीत दिली.

आणि जॅक. पाच टनी हायड्रोलिक जॅक, 2009 साली आमच्याच गल्लीतला एक ट्रॅक्टरवाला मागून घेऊन गेला. त्याने तो परत दिला नाही असं माझं म्हणणं. दिला असं त्याचं. चार माणसांत मी त्याला खोटारडा म्हणालो. त्यानंतर तो गॅरेजला आला नाही, मी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. बारा वर्षं समोरून येताना दिसला की मी चप्पल नीट करायला खाली वाकायचो.

2021 च्या होळीनंतर चौथ्या दिवशी माळ्यावरच्या पोराने सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड खाली दिलं. जॅक. पोत्याला बांधलेली सुतळी माझ्याच गाठीची. मी ती गाठ उलटी मारतो, गॅरेजात सगळे हसायचे.

त्या दिवशी पुढचं काही खोललं नाही. सौ. म्हणाली, "आज एवढंच. हे आधी बसवून या."

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी होती. जॅक पुसला, ऑइल भरलं, सायकलला बांधून त्याच्या दारात गेलो. बोलायचं काय ते रात्री दोनदा ठरवलं होतं, तिथे एकही वाक्य आठवलं नाही. नुसतं म्हणालो, "माझ्याच माळ्यावर होता. चूक माझी." अशा वेळी कारणं सांगू नयेत, एवढं मला वाटतं. कारण सांगायला लागलं की अर्धी चूक परत दुसऱ्याच्या अंगावर जाते.

तो जॅककडे बघत राहिला. मग नातवाला हाक मारून म्हणाला, "चहा टाकायला सांग आईला." चहा झाला. लग्नाचा अल्बम दाखवला, सगळा. उठताना म्हणाला, "आता आणलाच हाय तर ऱ्हाऊ द्या हितं दोन दिवस. ट्रॉलीचं चाक काढायचंय."

अजून त्याच्याकडेच आहे.